खल्फानने उड्डाण कुठून घेतलं

तिसऱ्या ठिकाणावरून चौथ्याकडे वळताना ड्रोनच्या अगदी तोंडासमोर खजुराचा शेंडा आला. झुवैनाने बटण दाबून तो जागच्या जागी थांबवला म्हणून बरं, नाहीतर सकाळभर झावळ्यांखाली तुकडे वेचत बसावं लागलं असतं. तिने तो सरळ वर उचलला, मशिदीखालच्या मोटारतळावर परत आणून उतरवला आणि गाडीला टेकून उभी राहिली. नऊ वर्षं हे काम करणारी बाई, पण धास्ती काही जाईना.

धास्ती झाडाला धडकता धडकता वाचल्याची नव्हती. ते झाड तिथे असायलाच नको होतं, याची होती. म्हणजे झाड जुनंच, पण खल्फानच्या वाटेत ते कधी आलं नव्हतं.

वारसा खात्याला मिस्बा गावातली जुनी मातीची आळी दरवर्षी एकदा वरून टिपून हवी होती. नुसती देखणी फिल्म नको होती त्यांना. दरवर्षी त्याच वाटेने, त्याच उंचीवरून, त्याच संथ चालीने जायचं, कॅमेरा त्याच जागी तेवढाच वळवायचा. मग एका वर्षाची फिल्म दुसऱ्या वर्षाच्या फिल्मवर ठेवली की कुठली भिंत किती खचली, कुठलं छप्पर बसलं, हे लपून राहत नाही. ही वाट खल्फानने आखली होती, झुवैनाच्या नवऱ्याने. एक्केचाळीस ठिकाणं. प्रत्येक ठिकाणाची जागा, उंची, तिथे कॅमेऱ्याने कुठे पाहायचं, तिथून कुठल्या वेगाने निघायचं, सगळं फाइलमध्ये भरलेलं. बटण दाबलं की यंत्र आपलं आपण फिरून येतं, माणसाने नुसती नजर ठेवायची. पहिल्या वर्षी खल्फाननेच उडवलं, दुसऱ्या वर्षीही त्यानेच. त्या दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात बहल्याच्या वळणावर एका ट्रकने त्याची गाडी चिरडली. गेल्या फेब्रुवारीत झुवैना इद्दतीत होती, नवरा गेल्यावर बाईने पाळायच्या मुदतीत, घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. खातं थांबलं. यंदा मात्र त्यांनी साफ सांगितलं होतं, याच आठवड्यात फिल्म द्या, नाहीतर मस्कतची दुसरी माणसं बघतो.

म्हणून ती निझव्याहून पहाटेच निघाली होती. तीच फाइल, तोच आठवडा, आणि आठचं ऊन डोंगरावरून आळीवर उतरायच्या तासभर आधीची ही चाचणी. तरीही यंत्र खालून चाललं होतं.

या धंद्यातला नवशिका जिथे हमखास तोंडावर आपटतो, ती ही जागा. यंत्र आपली उंची समुद्रापासून मोजत नाही, जिथून उडालं तिथून मोजतं. जिथे पाय तिथे शून्य, असं खल्फान शिकवायचा. उडण्याची जागा चार हात वर गेली तर अख्खी वाट चार हात वर जाते, खाली आली तर खाली येते. झुवैना काही नवशिकी नव्हती. तिने खल्फानला विचारून ठेवलं होतं, मिस्बाला तू उडवतोस कुठून? एकदा नाही, दहादा विचारलं होतं. मोटारतळावरून, मशिदीच्या नळाजवळून, असं तो दर वेळी म्हणायचा आणि भाकरी मोडायला लागायचा.

तिने ड्रोन पुन्हा पहिल्या ठिकाणी नेला, जुनी फिल्म टॅबवर शेजारी लावली आणि बुरुजाची कड दोन्हीकडे एका रेषेत येईपर्यंत यंत्र हाताने वर घेत गेली. आकडा आला अकरा मीटर चाळीस.

आता दुसरं कोणी असतं तर त्याने प्रत्येक उंचीत अकरा मीटर चाळीस मिळवले असते, काम उरकलं असतं आणि दुपारच्या जेवणाला घर गाठलं असतं. तिनेही आकडा भरला. बोट बटणावर ठेवलं आणि ते तसंच ठेवून ती उभी राहिली. अकरा मीटर म्हणजे डोंगरउतारावरची तीन घरं. म्हणजे खल्फान मोटारतळावरून उडवत नव्हता. वर कुणाच्या तरी गच्चीवरून उडवत होता, आणि बायकोच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती थांबेचना.

कारण आणखीही होतं. बाकीची सगळी कामं दोघांनी मिळून केली होती. लग्न झालं त्या वर्षी कोरड्या वाळवंटी ओढ्यात दोघं शिकली. दगडांची रांग मांडायची आणि तिच्यावरून यंत्र न्यायचं, धक्का न देता, हिसका न मारता. खल्फान तिच्या हातात काहव्याचा, बिनदुधाच्या कडू कॉफीचा, काठोकाठ भरलेला पेला द्यायचा आणि म्हणायचा, चल आता त्या बाभळीपर्यंत, थेंब सांडला तर पुन्हा. वळणाच्या आधी हळू व्हायचं, वळून झालं की हळूहळूच वेग धरायचा, कॅमेऱ्याला कळताही कामा नये की आपण वळलो. ती सांडायची. तो हसायचा. मग तो सांडायचा आणि ती जास्त हसायची. त्या वर्षी दोघांचे कपडे काहव्याने डागलेले असत, आणि झुवैनाला पुढे काहीही मिळालं तरी ते दिवस काही पुन्हा मिळाले नाहीत.

प्रत्येक उड्डाणाची वाट आधी स्वयंपाकघरात आखली जायची. जेवण झालं की मोठ्या थाळीत खजुराच्या बिया मांडायच्या, एक बी म्हणजे एक ठिकाण. ती मांडायची, तो सरकवायचा, ती पुन्हा होती तिथे ठेवायची. इथे दोन बिया जवळ घे, घाई होते. तिथली काढून टाक, सरळ जाऊ दे. झुवैनाच्या माहेरच्या सूर बंदराची वाट, निझव्याच्या किल्ल्याची वाट, दोन लग्नांच्या मिरवणुकांची वाट, सगळ्या त्या थाळीतून निघालेल्या. मिस्बाची तेवढी थाळीत आलीच नाही. ती त्याने आयती आणली, बाहेरून आखून.

आणि वाट आखायला माणसाला दोन फेऱ्या पुरतात, फार तर तीन. खल्फानने पहिल्या हिवाळ्यात मिस्बाच्या चौदा फेऱ्या केल्या होत्या. पहाटे चारला निघायचा. मी येते म्हटलं की, तू झोप, थंडी आहे. तेव्हा तिला ते प्रेम वाटलं होतं.

तिला न नेण्याचं एक कारण तिला ठाऊक होतं, म्हणून तिने कधी हट्ट धरला नाही. मिस्बा खल्फानचं गाव. त्याचा बाप सैफ बिन नासिर इथला अरीफ, म्हणजे आपल्याकडे ज्याला पाटकरी म्हणतात तो. डोंगरातून येणाऱ्या पाटाचं पाणी आठ दिवसांच्या फेऱ्यात कुणाच्या बागेला कधी जायचं, हे उन्हात रोवलेल्या काठीच्या सावलीवरून सांगणारा माणूस. घड्याळं आली, मोबाइल आले, तरी मिस्बात पाळी वळायची ती सैफच्या शब्दावर. खल्फानला त्याच्या आईकडून पाव तासाची पाळी वारशात मिळाली होती. ती विकून त्याने पहिला ड्रोन घेतला. विक असं झुवैनाच म्हणाली होती. बाग तुझी नाही, पाणी कुणाला पाजतोस, असं अगदी सहज, ताटं उचलता उचलता म्हणाली होती.

मिस्बात माणूस जमीन विकतो, उंट विकतो, पाणी विकत नाही. अरीफच्याच मुलाने विकलं म्हटल्यावर सैफने गावाच्या बैठकीत सगळ्या पुरुषांसमोर अल्लाची शपथ घेतली, की हा मुलगा माझा उंबरा ओलांडणार नाही. त्याला आता नऊ वर्षं होत आली. खल्फानला माती द्यायला मिस्बातच आणलं, पण घरात नेलं नाही. झुवैना तेव्हा बायकांत बसली होती. सासऱ्याने काही निरोप पाठवला नाही, तिनेही नाही. बापलेकाला मीच तोडलं आणि आता सांधायला मुलगाच उरला नाही, हे ओझं ती तेव्हापासून एकटीच वाहत होती. त्या ओझ्यात आज ही गच्ची.

तिने ड्रोन अकरा मीटर चाळीसवर उभा केला आणि जागच्या जागी गोल फिरवला. कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर जी गच्ची पातळीत येईल, ती. पाच आल्या. तीन घरं पडलेली, त्यांच्या गच्चीवर शेळीही चढली नसती. एक सासऱ्याचं, ते तिने मोजलंच नाही. राहिलं एक, सासऱ्याच्या भिंतीला लागून असलेलं, थोडं खालचं. तिथे रंगीत ओढण्या वाळत होत्या. ते रहमाचं घर.

रहमा चाळिशीची, नवऱ्यापासून फारकत घेऊन माहेरी आलेली, तव्यावरच्या पातळ भाकऱ्या करून विकणारी. दिसायला कशी, ते खल्फानने एकदा सांगितलं होतं, आणि झुवैनाला ते आत्ता शब्दन् शब्द आठवलं.

ड्रोन मोटारतळावर उतरवून ठेवून ती कंट्रोलर, टॅब आणि यंत्राची रिकामी पेटी घेऊन गल्ल्या चढली. पायऱ्या पाटाच्या कडेकडेने जातात, पाणी पायांशी वाहत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. दार रहमानेच उघडलं. हात पिठाने भरलेले.

"चार महिने दहा दिवस संपूनही वर्ष होत आलं," रहमा म्हणाली. "सासऱ्याच्या गल्लीत पाय ठेवला नाहीस. आज माझ्या दारात कशी वाट चुकलीस, ए सूरवाली?"

झुवैनाने आडपडदा ठेवलाच नाही. तिने सरळ विचारलं, खल्फान तुझ्याकडे यायचा का?

रहमाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग ओढणीला हात पुसत म्हणाली, "यायचा. थंडीत तर आठवड्यातून दोनदा. चपला माझ्या गच्चीवर काढायचा. भाकऱ्या न्यायचा, सहा."

झुवैनाने चौकटीला हात लावला.

"सहा भाकऱ्या एकटा माणूस खातो का गं?" रहमा म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "चल वर. तुझ्या डोळ्यांनीच बघ. मी सांगितलं तर म्हणशील, फारकत घेतलेल्या बाईचं काय ऐकायचं."

गच्चीवर ओढण्यांखेरीज काही नव्हतं. कठड्याशी जाऊन झुवैनाने खालचा ड्रोन कंट्रोलरवरून उचलला, वर आणला आणि पायाशी उतरवला. मन कितीही उडालेलं असलं तरी हाताची सवय जात नाही. आकडा आला दहा मीटर दहा. एक मीटर तीस कमी पडत होते. हवेच्या दाबाने आकडा थोडा हलतो, पण एवढा नाही. तिने मान वर केली. सासऱ्याच्या गच्चीची कड समोरच होती, तिच्या छातीएवढी उंच, आणि कडेला खजुराच्या खोडाची जुनी शिडी टेकवलेली होती. मधल्या पायऱ्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या.

"तो माझ्या घरून नुसता जायचा," रहमा म्हणाली. "उंबरा माझा ओलांडायचा. म्हाताऱ्याचा नाही."

झुवैना शिडीकडे बघत राहिली. म्हणजे शपथ अक्षराला अक्षर पाळली गेली होती. मुलाने बापाचा उंबरा ओलांडला नव्हता. तो वरून गेला होता.

ड्रोन उचलून ती शिडी चढली.

सैफ बिन नासिर कठड्याला पाठ लावून उन्हात बसला होता, पुढ्यात काहव्याची किटली, खजुराची परडी आणि दोन पेले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं, आणि जणू ती काल संध्याकाळीच इथून गेली होती अशा आवाजात म्हणाला, "फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणायचा तो. गेल्या वर्षी सगळे दिवस बसलो. कोणी आलं नाही."

तिने सलाम केला. पुढे काय बोलावं ते कळेना, म्हणून बसली. म्हाताऱ्याने पेला भरून दिला. तिने तो प्यायला, त्याने पुन्हा भरला, पुन्हा प्यायला, मग तिने पुरे म्हणून पेला हलवून परत केला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वारसा खात्याचं काम मिळालं तेव्हा खल्फान गावात आला होता, आळी बघायला. रहमाच्या गच्चीवरून जागा चांगली दिसते म्हणून वर चढला, आणि इकडे बाप बसलेला. दोघांमध्ये छातीएवढी भिंत. पहिले दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी खल्फान आपल्या यंत्राला वाट शिकवत होता तेव्हा म्हाताऱ्याला राहवलं नाही. तो म्हणाला, चुकतोयस, आळी अशी बघत नाहीत. मग कशी बघतात, असं खल्फानने विचारलं. म्हाताऱ्याने सांगितलं, पाणी जसं जातं तशी. वरच्या टाक्यातून मशिदीकडे, तिथून तुतीपाशी दोन वाटा होतात, एक माळ्याच्या बागेला, एक खाली. चौथ्या दिवशी शिडी लागली.

"एक्केचाळीस जागी पाणी वळतं," सैफ म्हणाला. "त्याने एक्केचाळीस ठिकाणं भरली. मी सांगायचो, तो दाबायचा. सतराव्या जागी तो थांबायला तयार नव्हता. म्हणे तिथे बघण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, तिथे पाणी क्षणभर थबकतं, मग वळतं. तूही थबक."

झुवैनाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. सतराव्या ठिकाणी कॅमेरा नुसत्या एका मोकळ्या भिंतीपाशी हळू का होतो, हे तिने खल्फानला कितीदा विचारलं होतं. ही चूक काढ, असंही एकदा सुनावलं होतं. तो म्हणाला होता, असू दे, ती चूक मला आवडते.

म्हणजे थाळीतल्या बिया इथे मांडल्या गेल्या होत्या. चौदा फेऱ्या, पाचव्या फेरीनंतर वाटेचं काहीच उरलं नसणार. बाकीच्या नऊ नुसत्या सहा भाकऱ्या आणि काहव्यासाठी. ती निझव्यात गोधडीत झोपलेली असायची आणि इथे बापलेक शेजारी बसून ऊन खात असायचे. तिला राग यायला हवा होता. आलाही थोडा. मला का नाही सांगितलंत, तिने विचारलं, मी काय गावभर बोभाटा केला असता?

"मीच बजावलं होतं त्याला," म्हातारा म्हणाला. "अरीफजवळ दुसरं असतं काय, पोरी? एक काठी आणि एक शब्द. भर बैठकीत घेतलेली शपथ सैफने गच्चीवर बसून पातळ केली असं लोकांत गेलं, तर उद्या माझी सावली कोण मानेल? पाण्यावरून इथे डोकी फुटलीयत." मग म्हणाला, "पाणी विक असं तू म्हणालीस, तेही सांगितलं त्याने. दोन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो. मग त्याने वरून टिपलेली बाग दाखवली, त्याच्या आईची. ऐंशी वर्षांत मी ती वरून पाहिली नव्हती."

ऊन कठड्यावरून खाली सरकत होतं. आठला दहा कमी, दरवर्षीच्या फिल्मची वेळ. झुवैना उठली, फाइलमध्ये भरलेला अकरा मीटर चाळीसचा आकडा तिने पुसून टाकला आणि मूळ उंच्या होत्या तशा ठेवल्या. कुठे ठेवायचं यंत्राला, तिने विचारलं. म्हाताऱ्याने आपली चटई थोडी ओढली. खाली गच्चीच्या लिंपणावर चार पायांचे पुसट ठसे होते.

तिने ड्रोन त्या ठशांवर ठेवला आणि बटण दाबलं.

यंत्र उठलं, पहिल्या ठिकाणी गेलं, बुरुजाची कड बरोबर रेषेत आली. तिसऱ्यावरून चौथ्याकडे वळताना खजुराचा शेंडा पायाखालून निघून गेला. तिने जुनी फिल्म शेजारी लावलीच होती, दोन्हीकडे एकच भिंत, एकच सावली, एकच वळण. फक्त जुन्या फिल्ममध्ये उभी असलेली दोन छपरं आता बसली होती. सैफ टॅबकडे बघतच नव्हता. डोळे मिटून बसला होता आणि पुटपुटत होता, आता मशीद. आता डावीकडे. आता तुती. सतराव्याला त्याने हात वर केला, आणि तिकडे यंत्र थबकलं, मोकळ्या भिंतीपाशी, क्षणभर, आणि मग वळलं. त्या वळण्यात खल्फान होता. त्याचा तो कुठलीही घाई नसलेला, सांडू न देणारा हात. झुवैनाने तोंडावर ओढणी घेतली आणि रडू दिलं स्वतःला. यंत्राला तिची गरज नव्हती, ते आपलं आपण जात होतं.

एक्केचाळिसावं ठिकाण झालं. ड्रोन परत येऊन ठशांवर उतरला, पंखे थांबले. काम झालं होतं.

यंत्र पेटीत ठेवता ठेवता तिने विचारलं, "काका, ती शपथ शेवटपर्यंत तशीच राहिली ना?"

म्हाताऱ्याने दोन्ही पेले परडीशेजारी उपडे घातले. मग म्हणाला, "मोडली मी."

त्याने सांगितलं ते असं. त्या ऑक्टोबरात त्याने सावलीची काठी पुतण्याच्या हाती दिली, डोळे गेले असं कारण सांगून. डोळे काही गेले नव्हते. शब्द मोडायचा तर आधी शब्दावर चालणारं काम सोडायला हवं, एवढंच. मग एका शुक्रवारी तो पलीकडच्या गावात गेला आणि मोडलेल्या शपथेचं प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना पोटभर जेवू घातलं, भात आणि बकऱ्याचं मटण. तसं केलं की माणूस शपथेतून सुटतो, हे कुणालाही ठाऊक आहे. खल्फानशी ठरलं होतं. पुढच्या शुक्रवारी त्याने यायचं, दिवसाढवळ्या, सगळी आळी बघत असताना, दारातून. बायकोला घेऊन यायचं. तोवर तिला काही सांगायचं नाही, तिथे आल्यावरच कळू दे.

"मंगळवारी तो गेला," सैफ म्हणाला. "जनाज्याचं खाटलं याच दारावरून नेलं. क्षणभर आत घ्या, एवढंच म्हणायचं होतं मला. लोकांना शपथ माहीत होती, ते जेवण माहीत नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही."

त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी खल्फानने तिला विचारलं होतं, शुक्रवारी मोकळी आहेस ना? तिने कशाला म्हणून विचारलं होतं, तर म्हणाला, सांगतो. आत्ता गच्चीवर बसून झुवैनाला कळलं, तो काय सांगणार होता. तिने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. लाकडासारखा सुका, हलका हात.

बऱ्याच वेळाने ती उठली, पेटी उचलली आणि शिडीकडे निघाली.

"तिकडून नको," सैफ म्हणाला. "खालून जा."

ती थांबली.

"दहा माणसं जेवलीयत त्या दारासाठी, पोरी. तुम्हा दोघांपैकी अजून कोणी वापरलं नाही ते."

तो भिंतीला धरून पुढे झाला आणि ती मागून. जिना अंधारा, पायऱ्या उंच, म्हातारा प्रत्येक पायरीला दम घ्यायचा. खाली ओसरीत कुणाच्याच चपला नव्हत्या. त्याने दोन्ही हातांनी अडसर सरकवला, दार उघडलं, बाहेरचा उजेड थेट आतल्या भिंतीपर्यंत आला. समोर पाटावर बादल्या भरणाऱ्या दोघी बायकांनी माना वळवून पाहिलं. वरून रहमाही कठड्यावर वाकून बघत होती.

झुवैनाने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. पेटी गल्लीतल्या ओट्यावर ठेवली, डोक्यावरची ओढणी नीट केली. मग त्या बायकांच्या देखत ती वळली, मोठ्याने सलाम केला, आणि उजवं पाऊल आधी टाकत उंबरा ओलांडून आत आली.